सव्वीस पातळं अन एक निळं

अनसूया, तुझ्या अंगावर सव्वीस पातळं पडली. मी मोजली. मले दुसरं काम नव्हतं. बायका तुले घेरून बसल्या होत्या, मले जवळ येऊ देत नव्हत्या, म्हणून मी दारातल्या खुर्चीवर बसून मोजत होतो. एकेक जण आंगणात ये, थैलीतून प्लास्टिकची पन्नी काढे, टर्रकन फाडे, घडीतल्या टाचण्या उपटे अन ते चकचकीत तुझ्यावर पांघरून पाया पडे. पन्नी तिथंच टाके. आदल्या दिवशी तू सडा टाकून झाडलेलं आंगण तासाभरात पन्न्यायनं भरलं. एक टाचणी माझ्या टाचेत रुतली. डोळ्यात पाणी आलं ते त्या टाचणीनं आलं, असं मी लोकायले सांगितलं. तू बी तेच खरं समज.

जिनं सारा जन्म चार पातळांवर काढला, तिच्यावर सव्वीस. अन त्यात सुताचा एक धागा नाई. ज्या जिल्ह्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूनं कापूस फुटलेला असते, त्या जिल्ह्यातली बाई. कापूस वेचून वेचून जिची बोटं चिरली, तिले न्यायच्या दिवशी नायलॉन. अहेव गेली म्हणून तुझ्या भावानं माहेरचं हिरवं आणलं. ते बी तसंच. नेसवताना बायायच्या हातातून घसरे. आपली सून वर्षा रडत रडत म्हणे, “आत्याबाईच्या आंगावर टिकतच नाई वं हे.” कसं टिकन? तुझं अंग तसल्या कापडाले ओळखतच नव्हतं.

घाटावर गेल्यावर सगळी ओढून काढली. पेटवायच्या आधी काढा लागते म्हणे, नाई तं वितळून लाकडाले चिकटते. म्हणजे घालाले बी आम्हीच, ओढाले बी आम्हीच. बाजूले ढीग केला अन ढीग तिथंच सोडला. एक कुठंतरी खाली राहून गेलं. त्याचा वास सुटला, सायकलची ट्यूब जाळल्यासारखा. तुझ्या अंगाले कधी असा वास नव्हता. तुझ्या अंगाले मेथीचा वास ये, चुलीचा ये, ओल्या सुताचा ये. मले थुंकावं वाटलं, मी थुंकलो. कोणी तरी ओरडलं, “बाबाले पानी पाजा रे, मयमयून राह्यलं त्यायले.” मले पाणी नको होतं. मले त्या सगळ्यायले विचाराचं होतं, की बाप्पा हो, ही बाई जिती असताना कोणी हिले एक पातळ देल्लं काय?

अन देल्लं असतं तं तू घेतलं असतं काय, हे बी मले माहीत आहे. नसतं घेतलं. “चार पुरते जी. पाचवं आलं की पह्यल्याले काम सांगा लागते,” असं म्हणाची तू.

तुझी चार पातळं मले पाठ आहेत. मागच्या खोलीत वेळूची दांडी, तिच्यावर चार घड्या. पहिलं लग्नाकार्याचं, दुसरं बाजाराचं, तिसरं घरचं, चौथं भाजीच्या वाडीतल्या कामाचं. दोन-तीन वर्षांत एखादं नवीन आलं की सगळे एकेक पायरी खाली उतरत. लग्नाचं बाजारात जाई, बाजाराचं घरात, घरचं वाडीत. पोलकी दोनच रंगाची शिवे, काळं अन गव्हाळ, म्हणजे चारीवर चालत. वाडीतलं बसून बसून मधात विरलं की तू त्याचा विरलेला भाग कापून दोन धड टोकं एकमेकाले जोडे. दंड घालणं म्हणत त्याले. आताच्या पोरीयले हा शब्द बी माहीत नाई. तुझ्या डब्यात एकच लाल दोऱ्याची रीळ होती, निळं असो का हिरवं, सगळ्यावर लालच टाके. दंड घातलं की ते पातळ आणखी दोन वर्षं चाले. एकदा तसंच एक उन्हात धरून तू वर्षाले म्हणत होती, “पाह्य वं, हे पातय तुया मामाजीसारखं हाय. मधातून गेलं, पन काठ अजून अकडून हायेत.” मामाजी म्हणजे मी, अन मी आयकलं होतं. मी आयकलं नाई असं तुले वाटलं.

त्याच्यापुढं बी त्याचा जीव तू जाऊ देत नव्हती. टमाट्याचं झाड काठीले बांधाचं तं बाकीचे लोक सुतळी बांधतात, सुतळी देठाले कापते. तू पातळाची पट्टी बांधे, देठ कितीही जाड होवो, पट्टी त्याच्यासंगं ढिली होत जाई. राह्यलेल्याची वाकळ. वाकळीतून उरलं त्याचं पोतेरं. पोतेऱ्याचा जीव गेला की मग त्याचा धूर, ढोरायच्या गोठ्यात डासासाठी. अन माझे सदरे! कॉलर घासली की तू ती उसवून, उलटी करून परत शिवे. मी पाच-सहा वर्षं लोकायले सांगत फिरलो की माझा सदरा टिकाऊ कापडाचा आहे. तू एकदाही तोंड उघडलं नाई.

आता आपलं भांडण. ते अर्धं राह्यलं आहे. तू गेली म्हणून मी सोडून देईन असं समजू नको.

आपल्या पोराच्या, सुरेशच्या, लग्नात तू जांभळं पातळ नेसली होती. ते उतरत उतरत काही वर्षांनी भाजीवर आलं. मी वर्ध्याच्या बाजारात बसलो होतो, समोर पालक, मेथी, सांभार, म्हणजे शहरवाल्यायची कोथिंबीर, अन त्याच्यावर ते जांभळं, पाणी मारून. तेवढ्यात नाचणगावचे इवाई, म्हणजे वर्षाचे वडील, बाजार करत आले. थांबले. वाकले. किनार चिमटीत धरली.

“काय हो इवाईबुवा, हे तं इहीनबाईचं लग्नातलं पातय हाय! आमच्या घरी फोटोत हाय ना हे!”

बाजूचे दोघं हसले. इवायाले आणखी जोर आला. “मंग इहीनबाई आता काय नेसून राह्यल्या? मेथीची जुडी?”

मी घरी आलो अन टोपलं आपटलं. “तुयापाई माही इज्जत गेली. भर बाजारात लोक हसून राह्यले. चिंध्यायची रानी हाय तू, रानी!”

तू कणीक मळत होती. मान वर केली नाई. “पालक सुकला काय?”

“नाई.”

“मंग इज्जत कुठून गेली जी? पालक सुकला असता तं गेली असती.”

याच्यावर माणूस काय बोलन? मी ताडपत्री आणली. हिरवी, प्लास्टिकची, नवी कोरी. अन सांगितलं, माझ्या हयातीत तुझं पातळ पुन्हा बाजारात भाजीवर दिसलं नाई पाह्यजे. तू म्हणे, “बरं.” तुझ्या त्या ‘बरं’चा मले आयुष्यभर भेव वाटत आला.

पहिल्याच बाजारात दुपारपर्यंत ताडपत्रीखाली मेथी शिजली. हात घातला तं गरम वाफ. येताना सगळी रस्त्यातल्या गाईयले टाकली अन तुले सांगितलं, सगळं खपलं. तू रिकामं टोपलं नाकाशी नेलं, हुंगलं अन खाली ठेवलं. पुढच्या बाजारी टोपलं भरून बांधून देल्लं ते मी तिथं जाऊन सोडलं, तं ताडपत्रीखाली एक ओलं सुती कापड. त्याले किनार नव्हती. दोन्ही बाजूची कापून टाकलेली. किनार नसली की ते पातळ होतं का धोतर होतं का चादर, कोणाले समजते? इवाई जरी वाकले असते तं ओळखू शकले नसते.

माझी मान राहावी म्हणून तू आपल्या पातळायच्या किनारी कापत राह्यली, अन मी पाहून न पाह्यल्यासारखं करत राह्यलो. इतकी वर्षं. “बरं केलं” हे दोन शब्द निंगाले नाईत तोंडातून. तू उलट माझं बोलणंच उचलून घेतलं. टोपलं डोक्यावर ठेवत, “चिंध्यायची रानी निंगाली बाप्पा बोरगावले,” असं म्हणून हसत कॉलन्यायमधी भाजी विकाले जाई. मले ते दरवेळी लागे. तुले माहीत होतं की मले लागते. म्हणूनच म्हणत होती ना?

आता मी काय केलं ते ऐक. हे तुले कोणी दुसऱ्यानं सांगण्याआधी मीच सांगतो.

राख सावडली त्या दिवशी रीतीप्रमाणं तुझं अंथरूण अन कपडे बांधून गावाबाहेर नाल्यावर टाकाले काढले. इहीनबाई, म्हणजे वर्षाची माय, अन वर्षा मागच्या खोलीत गेल्या. गाठोडं बांधून आंगणात आणलं तं ते एवढंसं, काखेत मावन एवढं. इहीन म्हणे, “माय वं! एवढंच? एवढ्या वर्साच्या संसारात बाईचे एवढेच कपडे?” अन इवाई खुर्चीवरून वाकून पाहाले लागले. तेच वाकणं, अनसूया. बाजारातलं.

माझं डोकं फिरलं. गाठोड्यात तीनच पातळं होती. चौथं, निळ्या चौकडीचं, दंड घातलेलं, तू शेवटच्या दिवसापर्यंत नेसत होती ते, वर्षानं दांडीवरून काढून छातीशी धरलं होतं. तुझी वाकळ बी तिनं घडी करून बाजूले ठेवली होती. “मामाजी, एवढं मले ठेवू द्या,” म्हणे. “सुती हाय, मऊ हाय. आत्याबाई रोज नेसत.”

मी उठलो अन तिच्या हातातून ओढलं. वाकळ ओढली. गाठोडं सोडून त्यात कोंबलं. तरी लहान दिसे म्हणून माझी स्वतःची सोलापुरी चादर आणून त्यात घातली. “टाका. सगळं टाका. आमच्या घरी काई कमी नाई.” गाठोडं मोठं झालं. इवाई मागं टेकून बसले. मले बरं वाटलं. थू माझ्या त्या बरं वाटण्यावर.

वर्षा रडली नाई. नुसती माझ्याकडं पाहून आत गेली. तशी तूच पाहात जाई.

मग फोटो. सुरेश फोटोवाल्याकडं गेला तं घरातल्या पाचही फोटोत तुझ्या अंगावर तीच तीच पातळं. फोटोवाला म्हणे, काळजी करू नका, कॉम्प्युटरवर माऊलीले पैठणी घालून देतो. अन घातली! चौकात एवढा मोठा फ्लेक्स लागला. तुझं तोंड, अन त्याच्याखाली कोणाच्या तरी अंगावरची जरीची पैठणी, मोर असलेली. खाली शोकाकुल म्हणून ज्यायले तू ओळखत नव्हती अशायचे फोटो. मी सुरेशले म्हटलं, “हे कोन हाय?” तो म्हणे, “बाबा, असं काय करता, माय हाय.” म्हटलं, “तुही माय मेल्यावर बी लोकायनं तिले कपडे घालनं सोडलं नाई.” आता तो फ्लेक्स उतरवला आहे. गोठ्यावर टाकू म्हणते सुरेश. मी टाकू देत नाई. जाळू बी देत नाई. त्या वासाचा मले विट आला आहे. घडी करून ठेवला आहे, अन काय करावं सुचत नाई. सुताचा असता तं तुलेच सुचलं असतं.

तेरवीले पाहुणे आले अन आपापल्या थैल्यातून टोपी, दुपट्टा, टॉवेल, पातळ. ज्यानं आणलं त्याले आपण तेच परत देणार, फक्त रंग दुसरा. टॉवेल असा की अंग पुसलं तं पाणी इकडून तिकडं जाते, निंगत नाई. टोपी कोणाच्याच डोक्याची नाई. सगळ्यायले माहीत आहे की हे कोणी वापरत नाई, पेटीत जाते, पेटीतून दुसऱ्याच्या दुःखात जाते, तिथून तिसऱ्याच्या लग्नात. तुले आठवते ना, असलं काई आलं की तू त्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके घाले अन पुढं देऊन टाके? “पाहू कवा परत येते,” म्हणे. एक मोरपंखी पातळ दोन वर्षांनी हिंगणघाटच्या तुझ्या भावाकडून परत आलं तं तू दारातच ओरडली होती, “आली वं माय माही फिरून, थकली असशीन!” अन भावजय बिचारी आपल्यालेच म्हणते समजून पाटावर बसली होती.

तं इवायानं उठून माझ्या खांद्यावर दुपट्टा घातला. भगवा, चमकीचा. मी खाली पाह्यलं. कोपऱ्यात लाल तीन टाके.

अनसूया, मी हसलो. तुझ्या तेरवीत, भरल्या मांडवात, जेवणाच्या पंगती बसल्या असताना मी हसाले लागलो अन मले थांबता येईना. सुरेशनं धरलं. कोणी म्हणे, बुढ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मी एकट्या वर्षाले कोपरा दाखवला. तिनं टाके पाह्यले, पदर तोंडात धरला, अन मग आम्ही दोघं बी रडलो. तू गेल्यापासून नीट रडणं झालं ते तेवढंच. तुझ्याच टाक्यांनी.

तेरवी झाल्यावर पेटी बंद होईना इतका माल झाला. म्हटलं, पाहू तरी. त्यातलं एक पातळ घेऊन वाडीत गेलो. हौदात बुडवून पालकाच्या टोपल्यावर टाकलं. पाणी त्याच्यावरून असं गेलं जसं धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानावरून जाते. पुन्हा बुडवलं. पुन्हा तेच. दहा वाजता पालकानं माना टाकल्या. वर्षा पाहात होती. “मामाजी, त्याच्यावर राग काढून काय होते? ते पानी पीतच नाई.” मी म्हटलं, “मले माहीत हाय.” ती म्हणे, “माहीत होतं तं मंग निळं काऊन फेकलं?”

सूनबाईचं ते आयकलं अन त्याच पावली काठी घेतली अन नाल्यावर गेलो.

तू तो नाला अलीकडं पाह्यला नव्हता. पाहू बी नको. माझ्या लहानपणी तिथं मेलेल्या माणसाचं एखादं फाटकं अंथरूण पडून राहे, दोन पावसात माती होऊन जाई. आता तिथं माती दिसत नाई. मले वाटलं होतं मेलेल्यायचे कपडे असतील, तं जित्यायचेच जास्त. फुल-पॅन्टी, पोरायचे शाळेचे ड्रेस, नवरदेवाचे चमकीचे कोट एकदाच घातलेले, पोरीयचे झालर लावलेले फ्रॉक. काई काई तं घडीसुद्धा मोडलेली नाई. सगळं उन्हापावसात पडून तसंच्या तसं, फक्त रंग उडालेला. सडत नाई. माणूस सडते, कापूस सडते, हे सडत नाई. एका गाईच्या तोंडातून हातभर झालर लोंबत होती. ती गिळत बी नव्हती अन टाकत बी नव्हती. मी काठीनं हाकलली, झालर ओढून काढली, तं लाळेनं भरलेली हातात आली. मले इतकी किळस आली की मी तिथंच बसलो. किळस गाईची नाई. या सगळ्यायची. अन त्या सगळ्यायत एक मी, चादर घालून गाठोडं मोठं करणारा.

गाठोडं सापडलं. गाठ सोडलेली होती. आपली फाटकी गादी पडून होती. तुझी जुनी चप्पल होती. माझी चादर नव्हती, तुझी पातळं नव्हती, वाकळ नव्हती. कोणी तरी निवडून नेलं होतं. पहिल्यांदा मले संताप आला, मेलेल्या बाईचे कपडे न्यायची कोणाची हिंमत झाली? मग काठीनं तो सगळा ढीग उपसला. दोन तास. निळं नाई. घरी आलो तेव्हा वर्षानं पाय धुवाले पाणी देल्लं, बस.

तुझं काईच राह्यलं नव्हतं घरात. दांडी रिकामी. लाल रीळ तेवढी डब्यात, अन तिच्यात बी दोरा संपत आलेला. ज्या माणसानं तुझ्यासंगं जन्म काढला, त्यानं इवायाच्या एका वाकण्यासाठी तुझी शेवटची खूण नाल्यात फेकली. रोज उठून मी त्या दांडीकडं पाहात होतो अन स्वतःचीच शिसारी येत होती.

परवा बाजाराचा दिवस होता. तू गेल्यापासून मी बाजारात बसलो नाई, सुरेश बसते. मी नुसता फिरत गेलो. भाजीच्या ओळीच्या शेवटी, नळापाशी, एक नवीन बाई बसली होती. चाळिशीची असन, पदर खोचलेला, समोर एकच टोपलं, त्यात सांभार. अन त्याच्यावर निळ्या चौकडीचं. ओलंचिंब. मधोमध दंडाची शिवण, लाल दोऱ्याची.

मी वाकलो. किनार चिमटीत धरली.

“हात नोका लावू बाबाजी,” ती म्हणे. “वलं राहू द्या. सांभार सुकते.”

“हे कापड...”

“कापड इकाचं नाई. सांभार इकाचा हाय.” बाजूची लसूणवाली हसली.

“कुठून आनलं म्हन्तो मी?”

तिनं मले वरून खालून पाह्यलं. “फेकलं होतं जी कोनी नाल्यावर. मेल्या मानसाचं असन. मी काई भेत नाई. तीनदा धुतलं, ऊन देल्लं. एक वाकय होती संगं, ते माह्या सासूच्या आंगावर हाय. म्हातारी म्हन्ते, लय दिसानं निजली मी.”

“तिथं तं दुसरे बी लय पडले होते. नवेकोरे. चमकीचे.”

“त्याले काय जाळता?” ती म्हणे. “पानी धरत नाई, घाम पीत नाई, पोतेऱ्याच्या बी कामाचं नाई. हे पाहा.” अन तिनं त्या निळ्याचं टोक उचलून दंडाची शिवण मले दाखवली. मले! “टाके पाहा त्या बाईचे. दोन्ही आंगानं सारखे. चालताना मांडीले लागत नसन, असं बारीक. अशा हाताचं लुगडं कोनी फेकते काय? फेकनारा पागल असन.”

“व्हय,” मी म्हटलं. “पागलच हाय.”

“ओयखता काय तुमी त्याले?”

“ओयखतो. म्हातारा हाय एक. लय अकडू.”

“मंग सांगजा त्याले,” ती म्हणे, अन तांब्यातलं पाणी त्या निळ्यावर शिंपडलं. सुतानं ते पिऊन घेतलं. थेंब खाली पडला नाई.

अनसूया, मी ते मागून घ्याले वाकलो होतो. ‘हे माझ्या बायकोचं आहे’ एवढंच म्हणाचं होतं, तिनं देल्लं बी असतं, हात जोडून देल्लं असतं. मग मी काय केलं असतं? पेटीत ठेवलं असतं, त्या चमकीच्या ढिगाखाली. अन हिचा सांभार सुकला असता. तुले ते चाललं नसतं. मी म्हटलं होतं, माझ्या हयातीत तुझं पातळ बाजारात भाजीवर दिसणार नाई. दिसलं. किनारीसकट. भर बाजारात, सगळ्यायच्या देखत. अन कोणी हसलं नाई.

चिंध्यायची राणी म्हटलं होतं मी तुले. ते मी वापस घेतो. हे एवढं लिहाले मले तीन दिवस लागले, वही वर्षाच्या पोरीची आहे, उरलेली पानं कामी लावली. तू कणीक मळत होती तेव्हाच म्हटलं असतं तं एक पान बी लागलं नसतं.

सुरेशले सांगून ठेवलं आहे: मी गेलो की माझं जुनं धोतर, अन बस. कोणी आंगणात पन्नी फाडली तं मी उठून बसन. दुपट्टे आणणाऱ्यायनं आपला दुपट्टा आपल्या खांद्यावरच ठेवावा. माझे सदरे वर्षानं ठेवून घ्यावे, कॉलरी उलट्या करता येतात अजून. सुरेश म्हणे, “लोक काय म्हन्तीन बाबा?” म्हटलं, लोकायचं ऐकून मी काय केलं ते तुया मायले विचार.

त्या बाईपासून मी सांभाराची एक जुडी घेतली. मी, ज्यानं जन्मभर सांभार विकला. घरी आलो तं वर्षा आंगणातच होती.

“मामाजी, आपल्या वाडीत गुडघ्याएवढा सांभार उभा हाय,” ती म्हणे. “इकत काऊन आनला?”

“इकत नाई आनला,” मी म्हटलं. “तुया सासूनं पाठवला.”

तिनं जुडी हातात घेतली. एवढ्या उन्हातून आणली होती, तरी पानं ताठ होती, अन बोटायले ओल लागत होती.